साक्षीदार कोठे होती?

अ‍ॅफ्रा बेन हिच्याशी माझा पहिला परिचय व्हर्जिनिया वुल्फच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) या पुस्तकातून झाला. तो परिचय चिकित्सेचा नव्हता, कृतज्ञतेचा होता. लेखणीवर उपजीविका करता येते हे बेनने इंग्लंडमधील स्त्रियांना दाखवून दिले, म्हणून साऱ्या स्त्रियांनी तिच्या थडग्यावर फुले वाहावीत, असे वुल्फने सुचवले होते. पदव्युत्तर वर्गाला बेनची 'ओरूनोको' (१६८८) ही कादंबरी शिकवताना मीही अनेक वर्षे ही फुलेच वाहत राहिले. प्रस्तुत टिपण हा त्या भूमिकेचा पुनर्विचार आहे.

बेनचे पूर्वायुष्य धूसर आहे. तिचा जन्म बहुधा १६४० साली केंट परगण्यात झाला. १६६३-६४च्या सुमारास ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या तत्कालीन इंग्रज वसाहतीत गेली. तेथे उसाचे मळे होते आणि त्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. १६६६ साली दुसऱ्या चार्ल्स राजाच्या वतीने हेरगिरी करण्यासाठी ती अँटवर्पला गेली. 'अ‍ॅस्ट्रिया' हे तिचे सांकेतिक नाव. या कामगिरीचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत. ती कर्जबाजारी झाली आणि तिच्यावर तुरुंगात जाण्याची पाळी आली. १६७०पासून तिची नाटके लंडनच्या रंगभूमीवर येऊ लागली. म्हणजे एका प्रवासाने तिला कर्ज दिले आणि ती नाटकांकडे वळली. दुसऱ्या, त्याआधीच्या प्रवासाविषयी मात्र तिने जवळपास पंचवीस वर्षांनी, मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहिले.

आपण पाहिले तेच सांगत आहोत, असे 'ओरूनोको'ची निवेदिका आरंभीच बजावते. १९१३ साली अर्नेस्ट बर्नबॉम या अभ्यासकाने, बेन सुरिनामला गेलीच नव्हती, असे प्रतिपादन केले. पुढे तेथील उपराज्यपालाच्या पत्रांत तिच्याविषयीचे मानले जाणारे उल्लेख सापडले आणि आज बहुतेक अभ्यासक तिचा हा प्रवास खरा मानतात. हा वाद मी वर्गात काहीशा त्वेषाने सांगत असे. गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीतील आपला प्रवासही सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढला; 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील तपशील आपण तपासतो, परंतु भटजी झाशीला गेले होते काय, या प्रश्नापासून आपली चिकित्सा सुरू होत नाही. उलट 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) प्रसिद्ध झाले तेव्हा कथांइतकीच 'विभावरी शिरूरकर' या नावामागे कोण आहे याचीही चर्चा रंगली. स्त्रीच्या अनुभवाकडे आधी दाखला मागितला जातो, हा माझा निष्कर्ष. तो मला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र त्यामुळे माझे एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. साक्षीदार खरी आहे हे सिद्ध करण्याच्या नादात ती साक्ष काय देते आहे, हे मी नीट वाचलेच नव्हते.

ते एका विद्यार्थिनीने वाचले होते. तासाच्या शेवटी तिने विचारले, "मॅडम, ओरूनोकोला मारलं तेव्हा ही बाई कुठं होती?"

संहितेत याचे उत्तर अगदी स्पष्ट आहे. गुलामांचे बंड होताच वसाहतीतील स्त्रिया, आणि त्यांच्यासह निवेदिकाही, नदीमार्गे पळून जातात. नायकाला फटके मारले जातात तेव्हा ती तेथे नसते. त्याच्या देहाचे तुकडे केले जातात तेव्हाही ती नसते. तिची आई आणि बहीण असतात, पण त्या त्याला वाचवू शकत नाहीत. डोळ्यांनी पाहिल्याची ग्वाही देणारी निवेदिका कथेच्या दोन निर्णायक क्षणी अनुपस्थित आहे, आणि ही गोष्ट ती स्वतःच नोंदवते.

त्याआधीचा एक प्रसंग मला याहून अस्वस्थ करतो. नायक बंड करील अशी मळेवाल्यांना धास्ती आहे. म्हणून त्याचे मन रमवण्याचे, त्याला बोलण्यात गुंतवण्याचे काम निवेदिकेकडे येते. ती त्याला थोर रोमन पुरुषांची चरित्रे ऐकवते. येथे गोष्ट सांगणे आणि पाळत ठेवणे ही दोन कामे एकच होऊन जातात. हे सारे जसेच्या तसे घडले असे मी म्हणत नाही. परंतु लिहिणारी स्त्री मधल्या काळात अँटवर्पला खरोखरच हेर म्हणून राहून आली होती, हे विसरून तो प्रसंग मला वाचता येत नाही.

तिच्या नाटकांतही प्रवासाचे वाटप असेच विषम आहे. 'द रोव्हर' (१६७७) या नाटकासाठी तिने टॉमस किलिग्र्यूच्या 'टोमासो'चा आधार घेतला आणि माद्रिदचे कथानक नेपल्सच्या कार्निव्हलमध्ये नेले. त्यातील परागंदा इंग्रज पुरुष देशोदेशी भटकतात. मठात धाडली जाणार असलेली हेलेना मात्र मुखवटा चढवते तेव्हाच आपल्याच शहराच्या रस्त्यावर येऊ शकते. पुरुषाला जहाज मिळते, स्त्रीला सणापुरता मुखवटा, आणि गुलामाला यांपैकी काहीच मिळत नाही. बेनला पहिल्या दोन पायऱ्यांमधील अंतर पुरेपूर ठाऊक होते. तिसरी पायरी तिने पाहिली, पण ती परतीच्या जहाजात जागा असलेल्या व्यक्तीच्या नजरेने.

सुरिनामहून आपण पिसांचे पोशाख आणले, ते किंग्ज थिएटरला दिले आणि 'द इंडियन क्वीन' या नाटकात ते वापरले गेले, असे निवेदिका अभिमानाने सांगते. पूर्वी हा उल्लेख मी प्रवासाचा पुरावा म्हणून दाखवत असे. आता तो दाखवताना मला थांबावे लागते. एका भूमीतील माणसांचे वस्त्र लंडनला येऊन नटीचा शृंगार झाले. ज्यांच्या अंगावरून ते आले त्यांना त्या नाट्यगृहात जागा नव्हती.

यामुळे बेन लहान होते असे मला वाटत नाही. आपण कोठे नव्हतो, हे लिहून ठेवणारे प्रवासी थोडेच असतात. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या ओवरीतील तिच्या थडग्यावर फुले अवश्य वाहावीत; मात्र अभ्यासक्रमात 'ओरूनोको' शिकवायला घेतली की पहिल्या तासाला मी आता तो बर्नबॉमचा वाद सांगत नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न फळ्यावर लिहिते.