एरंडेल ते एस्टर

शर्यतीच्या इंजिनात कोणते तेल घालावे हे ठरते ते त्या इंजिनाने किती काळ टिकायचे आहे यावरून. रस्त्यावरच्या मोटारीचे इंजिन लाखभर किलोमीटर कुरकुर न करता चालावे अशी अपेक्षा असते, शर्यतीचे इंजिन काही तासांत, आणि ड्रॅग शर्यतीत तर काही सेकंदांत, आपले काम उरकून पुन्हा उघडले जाते, आणि या दोन आयुष्यांना एकच तेल मानवत नाही. ही साधी गोष्ट बाजूला ठेवून कोणत्या कंपनीचे तेल सर्वांत भारी यावर गॅरेजच्या बाकड्यावर जी चर्चा रंगते, ती बहुतेक वेळा एरंडाचे गुऱ्हाळच असते.

एरंडाचा उल्लेख येथे निव्वळ गमतीचा नाही. आज सत्तरीत असलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात हे तेल प्रथम येते ते पोट साफ करणारे औषध म्हणून. सुट्टीच्या एखाद्या सकाळी आजीने चहात घालून पुढे केलेला तो पेला, नाक दाबून एका दमात संपवण्याची सक्ती आणि त्यानंतरचे ते तोंड त्या पिढीतल्या कोणाला आठवत नसेल असे नाही. हेच तेल पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांत, म्हणजे ज्यांत दांडा स्थिर राहून सिलिंडरच गरगर फिरत अशा इंजिनांत, वापरले जात होते. या इंजिनांत पेट्रोलचे मिश्रण क्रँकच्या पोकळीतूनच वर जात असल्यामुळे खनिज तेल पेट्रोलात विरघळून धुतले गेले असते, तर एरंडेल पेट्रोलात सहज मिसळत नाही म्हणून ते जागेवर टिके. तेल एकदा फिरून परत येण्याची सोय नसल्याने ते जळत व बाहेर फेकले जात राही, त्याचा फवारा वैमानिकाच्या नाकातोंडात जाई, आणि त्याचे पोटावर होणारे परिणाम मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंजिनात एरंडेलाला मान मिळाला तो त्याच्या रचनेमुळे. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो, आणि या आम्लाच्या लांब साखळीवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक जादा गट असल्याने त्याचा रेणू धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतो. इंजिन वेगात फिरत असताना क्रँकचा दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अखंड थर दाबाने तयार होतो व धातू धातूला लागत नाही. पण झडपा उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेट यांच्या टोकाशी, किंवा पिस्टन वर-खाली दिशा बदलतो त्या क्षणी, हा थर तुटायला येतो. अशा वेळी केवळ पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंवर जे वंगण अवलंबून असते त्याला सीमावंगण म्हणतात, आणि तेथे एरंडेल भल्याभल्या खनिज तेलांना भारी पडे. लंडनमध्ये १८९९ साली चार्ल्स वेकफिल्ड यांनी काढलेल्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले तेल कॅस्ट्रॉल या नावाने बाजारात आणले, आणि पुढे कित्येक दशके शर्यतीच्या मैदानांवर जळत्या एरंडेलाचा गोडसर वास दरवळत राहिला. मात्र चिकटण्याचा हाच गुण इंजिन थंड झाल्यावर अवगुण ठरतो, कारण उष्णतेने व हवेने एरंडेलाचा राळेसारखा थर जमतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत अडकतात, आणि म्हणून शर्यत संपल्यावर ते काढून टाकावे लागे.

आज सत्तरीत असलेल्या त्याच पिढीच्या तरुणपणात तेल पेट्रोल पंपावर भेटते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण इंधनाबरोबरच जळते. त्यामुळे बजाजच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना साधारण २ टक्के तेल मापाने ओतायचे, टाकी बंद करायची आणि मिश्रण व्हावे म्हणून स्कूटर दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवायची, हा शहरोशहरी पाहायला मिळणारा विधी होता. १९८० च्या दशकात राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या. त्यांत तेलाची वेगळी टाकी व पंप होता, आणि याच जातीच्या गाड्या मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत धावत. टू-स्ट्रोक गेले, त्यांचा निळसर धूर गेला, ते बरेच झाले असे पर्यावरणाच्या दृष्टीने म्हणावे लागते, कानाच्या दृष्टीने नव्हे.

एरंडेल मात्र गेले नाही. ते प्रयोगशाळेतून रूप बदलून परत आले. त्यापासून मिळणाऱ्या सेबॅसिक आम्लाची अल्कोहोलशी अभिक्रिया करून बनवलेले एस्टर दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनांच्या वंगणात आले, कारण ते आकाशातील थंडीत गोठत नव्हते आणि टर्बाइनच्या उष्णतेत टिकत होते. धातूला धरून राहण्याचा एरंडेलाचा गुण एस्टरमध्ये आहे, राळ धरण्याची खोड पुष्कळ कमी आहे, म्हणून शर्यतीच्या तेलांतही एस्टरने जागा मिळवली. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातील मोठा वाटा गुजरातचा आहे, हे येथे सांगायला हवे.

आता प्रत्यक्ष निवडीत पहिली कसोटी श्यानतेची, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाची. गॅरेजमध्ये तिला दाटपणा म्हणतात. डब्यावरच्या १०डब्ल्यू-४० मधील पहिला आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते. पातळ तेलाने पंपाचा भार व अंतर्गत घर्षण कमी होऊन ताकद वाचते, पण त्यासाठी बेअरिंगमधली फट तितकीच बारीक ठेवावी लागते. फॉर्म्युला वनच्या इंजिनांत तर ती इतकी बारीक असते की तेल व पाणी आधी गरम केल्याशिवाय इंजिन सुरूच करत नाहीत. उलट नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या टॉप फ्युएल ड्रॅग गाड्यांत इंधन तेलात उतरून ते पातळ करते, म्हणून तेथे अतिशय दाट तेल घालतात आणि प्रत्येक धावेनंतर बदलतात. कुशल मेकॅनिक शर्यतीनंतर ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद घडी-घडीने उलगडतो, उजेडात तिरका धरतो आणि चमकणारे कण शोधतो. चुंबकाला लागणारे कण पोलादाचे, न लागणारे बहुधा बेअरिंगचे किंवा पिस्टनचे. तेलाची निवड चुकली की नाही हे जाहिरातीपेक्षा हा कागद जास्त खरे सांगतो.

दुसरी कसोटी मिश्रद्रव्यांची. झिंक व फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे द्रव्य कॅमवर संरक्षक थर धरते, म्हणून शर्यतीच्या तेलात ते सढळ हाताने घालतात, आणि इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये कमी ठेवतात, कारण तीही त्याच पृष्ठभागावर जागा अडवतात. पण फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, आणि स्वच्छतेची द्रव्ये कमी असलेले तेल हजारो किलोमीटर चालवले तर आत काजळी साचते. शिवाय भारतातील बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारीचे तेल त्यात घातल्यास क्लच घसरू शकतो. म्हणून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत शर्यतीचे महागडे तेल घालणे हा खर्च करून नुकसान ओढवून घेण्याचा प्रकार आहे; मोटारसायकलस्वाराने गाडीच्या पुस्तिकेत छापलेला दर्जा आणि तेल अशा बुडालेल्या क्लचला मानवते हे सांगणारी डब्यावरची जासो एमए किंवा एमए२ ही खूण पाहावी, आणि तेल वेळेवर बदलावे.