चुंबक चिकटलं

वाईच्या एका भंगाराच्या दुकानात मी एका माणसाला चारचौघांत चोर म्हणालो, त्याला आता दोन वर्षं होतील. कारण काय, तर चुंबक चिकटलं.

माझ्याकडे सातेरी माश्यांच्या नऊ पेट्या. जांभळाचा मध काढायची वेळ आली की गावातलं एकुलतं एक मधयंत्र सगळ्यांचं आटोपून माझ्याकडे यायचं, तोवर वळीव डोक्यावर. पोळी पिळायला मन घेत नाही. पिळलेलं पोळं संपलं, माश्यांनी पुन्हा मेणापासून सुरुवात करायची. यंत्रात पोळं शाबूत राहतं. १८६५ साली ह्रुश्का नावाच्या गृहस्थाने ही युक्ती जगापुढे आणली. चौकटी गरगर फिरवायच्या, मध आपोआप बाहेर फेकला जातो. म्हटलं, यात काय एवढं, आपणच करू.

बाहेरच्या पिंपाला घरातली गव्हाची स्टीलची कोठी घेतली. तिच्यावर आईचं नाव आणि वास्तुशांतीची तारीख कोरलेली आहे. आत फिरायला वॉशिंग मशीनचा ड्रम, कारण त्याला भोकं तयार असतात. जस्ताचा पत्रा नको हे ठरलेलं होतं. मध आंबट असतो, तो जस्त खातो. अजूनही लोक वापरतात, पण वापरू नये.

तर ड्रम मिळाला. मी खिशातून चुंबक काढलं. अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे लहानपणापासून भांड्यांच्या दुकानात ऐकलेलं. लावलं, तर टक्कन चिकटलं.

"काका, हे लोखंड आहे. वर पॉलिश मारलंय."

"मास्तर, चाळीस मशिनी फोडल्यात मी. असल्या ड्रमला चिकटतंच."

"म्हणजे चाळीस जणांना फसवलंत. चोरी झाली ही."

कूलर फोडणारी दोन पोरं हातोडा थांबवून बघायला लागली. तराजूपाशी उभा असलेला एकजण हसला, आणि त्या हसण्याने मला आणखी चेव आला. काका काहीच बोलले नाहीत. ड्रम उचलला, आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "पंधरा वर्षं साबणाच्या पाण्यात होता. गंज दाखवा." गंज नव्हताच. तरी मी उपकार केल्यासारखं तोंड करून शंभरचा भाव ऐंशीवर आणला. साडेसहा किलो भरला.

पुढे वेल्डर हसत म्हणाला, स्टील काय एकाच जातीचं असतं होय? निकेलवालं सहसा चिकटत नाही, नुसतं क्रोमियमवालं चिकटतं, आणि गंजत दोन्ही सहजासहजी नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळीच वाईला जाऊन माफी मागायची ठरवलं.

पण सकाळी आधी ड्रमच्या तोंडावरचं प्लास्टिकचं कडं कापायला घेतलं, तर आतून भळाभळा पाणी. चाखलं तर खारट. मशीनचा तोल राखायला कड्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं म्हणे. कडं आणि पाणी मिळून दोन किलो, म्हणजे मिठाचं पाणी मी स्टीलच्या भावाने घेतलं होतं! राग परत आला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. वाईला गेलो नाही.

यंत्र झालं. सायकलचं पायडल, चव्वेचाळीस दात्यांचं मोठं चक्र, अठरा दात्यांचं फ्रीव्हील. हाताचा एक फेरा म्हणजे ड्रमचे जवळजवळ अडीच. साखळी मधावरच येते म्हणून तिला शेंगतेल. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने मेणाची टोपणं छिलली, चार चौकटी तारेने ड्रमच्या भिंतीला बांधल्या आणि हौसेने जोरात फिरवलं. कोठी अंगणभर नाचली. थांबवायला जावं तर फ्रीव्हील! हात थांबला तरी ड्रम आपला फिरतोच आहे. दोन कोवळी पोळी आतल्या बाजूच्या मधाच्या भाराने फुटून लगदा झाली. तेव्हापासून समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी लावतो; एक बाजू अर्धी काढायची, उलटवायची, दुसरी पूर्ण, मग पुन्हा पहिली. फ्रीव्हील मात्र अजून बदललेलं नाही.

यंदा या यंत्राचा पहिला नितळ मध निघाला तेव्हा एक बाटली घेऊन वाईला गेलोच. काकांनी मला ओळखलं. बाटली उन्हात धरून बघितली, पोराला पेलाभर पाणी आणायला सांगितलं आणि त्यात मधाचा थेंब सोडला. सातेरीचा डोंगरातला मध पातळच असतो, थेंब तळाला जायच्या आतच फिसकटला.

"मास्तर," काका शांतपणे म्हणाले, "अस्सल मध तर थेट तळाला बसतो ना?"

मी तावातावाने समजवायला लागलो, की ही परीक्षाच खोटी आहे, मधाच्या जाती असतात, ओलावा कमीजास्त असतो. पोरं हातोडा थांबवून बघत होती.