आधी ऐका, मग उघडा

माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरचे दुखणे मात्र मुंगीच्या पावलाने येते आणि घरातल्यांच्या लक्षात येईतो पेरणी तोंडावर आलेली असते.

वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबावर असाच प्रसंग आला. सोयाबीन निघाले होते, जमिनीतली ओल उडण्याआधी हरभरा पेरायचा होता आणि घरातल्या जुन्या एच.एम.टी.च्या गिअरबॉक्समधून घरघर ऐकू येऊ लागली. चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने १९७१ मध्ये हरियाणातील पिंजोरला हे ट्रॅक्टर बनू लागले. २०१६ मध्ये सरकारने तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. आता एखादा सुटा भाग हवा असला, की दुकाने पालथी घालावी लागतात.

मुलगा वैतागून म्हणाला, "आबा, याला किती दिवस पोसायचं? भंगारात द्या आणि मोकळे व्हा."

मिस्त्रींचे म्हणणे पडले, "सगळा गिअरबॉक्स खोलावा लागेल. खर्च आत्ताच सांगता येणार नाही."

"खोलायचं तर खोलू," आबा शांतपणे म्हणाले, "पण काय दुखतंय, ते आधी त्यालाच विचारू."

त्यांनी सुरुवात क्लचपासून केली. पेडल दाबताना प्रथम थोडा मोकळा खेळ लागतो. तो किती असावा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. खेळ उरला नाही, तर क्लच घसरतो: इंजिन पळते, ट्रॅक्टर ओढत नाही, जळका वास येतो. खेळ फार वाढला, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. दोष क्लचचा आणि आळ गिअरबॉक्सवर, असे पुष्कळदा घडते. इथे खेळ बरोबर होता.

मग ऑइल पाहिले. ते दुधासारखे दिसले, तर पाणी शिरलेले असते. लोखंडाचे तुकडे निघाले, तर दात तुटलेला असतो. ऑइल काळपट झाले होते, पण तुकडे नव्हते.

शेवटी आबांनी ट्रॅक्टर सुरू करून न्यूट्रलमध्ये ठेवला, पी.टी.ओ. बंद केला आणि मुलाला लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या कवचावर व मूठ कानाजवळ धरायला सांगितले. पेडल सोडले की घरघर, दाबले की शांत!

"आबा, थांबला की हो आवाज!"

पेडल दाबल्यावर क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट फिरायचा थांबतो. म्हणजे दुखणे त्याच शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक. हाच आवाज पेडल दाबल्यावर आला असता, तर क्लच बेअरिंगवर संशय गेला असता. एकाच गिअरमध्ये आला असता, तर त्या गिअरच्या दातांवर. फक्त वळताना आला असता, तर डिफरन्शिअलवर. गिअर आपोआप निसटत असेल, तर गोळी-स्प्रिंग किंवा फोर्क झिजलेला असू शकतो.

मिस्त्रींनीही मान डोलावली. चाकांना ओटी लावली, पुढचा भाग कलंडू नये म्हणून पुढचा अ‍ॅक्सल आणि इंजिन यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोकल्या. नुसत्या जॅकवर न विसंबता दोन्ही भागांखाली भक्कम आधार दिले आणि मगच ट्रॅक्टर मधोमध सोडवला. बेअरिंग खरोखरच खिळखिळे झाले होते. त्यावर कोरलेला नंबर घेऊन मुलगा अकोल्याला गेला आणि त्याच मापाचे बेअरिंग घेऊन आला. खोललेच आहे, तर ऑइल सीलही बदलून घेतले. दातांना हात लावण्याची गरज पडली नाही.

पेरणी चार दिवस लांबली, पण ओल होती तोवर हरभरा जमिनीत पडला. नवा ट्रॅक्टर घ्यायचा की नाही, हा विचार घरात पुढेही होईल. पण तो आता घाबरून नव्हे, हिशेब मांडून होईल. आणि रोज ट्रॅक्टर सुरू केल्यावर मुलगा क्षणभर न्यूट्रलमध्ये थांबतो, कान देतो आणि मगच गिअर टाकतो.