कानसेन

ब्रिटिश म्यूझियमच्या तळमजल्यावर रोझेटा शिळेभोवती सदा गर्दी. उत्तरेकडचा जिना चढून ६७ क्रमांकाच्या दालनात आलं, की मात्र आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. हे कोरियाचं दालन. तिथे काचेआड एक पांढरा घडा आहे. गेली नऊ वर्षं मी त्याला भेटायला जाते. 'बघायला जाते' असं म्हणवत नाही.

उंची ४७ सेंटिमीटर. नक्षी नाही, चित्र नाही, धरायला कान नाहीत. रंग तांदळाच्या धुवणासारखा. कोरियन भाषेत याला 'दालहांगारी' म्हणतात, म्हणजे चंद्रघडा. सतराव्या-अठराव्या शतकात, जोसॉन राजवटीत, असे घडे घडवले जात. एवढा मोठा गोल एका दमात चाकावर उठवणं अवघड. ओली माती स्वतःच्याच वजनाने खाली बसते. म्हणून कुंभार दोन मोठे वाडगे करतो, थोडे सुकू देतो आणि एकावर दुसरा पालथा घालून कडांना कडा जोडतो. जोड कितीही पुसून घेतला तरी भट्टीत माती जराशी सरकते आणि घड्याच्या पोटावर एक वळ उरतो. त्यामुळे हा चंद्र एका बाजूने पौर्णिमेचा दिसतो. चार पावलं सरकून पाहिलं की चतुर्दशीचा.

मी ती चार पावलं दर वेळी सरकते. त्या वळापाशी नजर थांबते आणि मला कुंभाराचे दोन्ही तळवे दिसू लागतात, वरचा वाडगा श्वास रोखून खाली टेकवणारे.

या घड्याचा प्रवासही माझ्या मनात घर करून बसला आहे. १९३५ साली बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने तो सोलमध्ये विकत घेतला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. पुढे महायुद्धाच्या काळात लीचने तो ल्यूसी री हिच्याकडे ठेवायला दिला. ल्यूसी व्हिएन्नाची, ज्यू. १९३८ मध्ये जीव वाचवून लंडनला आलेली. हाइड पार्कजवळच्या एका बोळात तिची लहानशी कार्यशाळा होती. युद्धाच्या दिवसांत पोटासाठी तिथे ती कपड्यांची चिनीमातीची बटणं करायची. घडा तिच्याकडे आला तो तिथेच राहिला, १९९५ मध्ये ती जाईपर्यंत. १९९९ साली संग्रहालयाने तो घेतला.

घर सुटलेल्या एका बाईने घर सुटलेला एक घडा अर्धं शतक सांभाळला. री स्वतः फार मोठी कलावंत. तिची भांडी पातळ अंगाची, ताठ, या घड्याशी काहीच साम्य नसलेली. तिने त्याची नक्कल केली नाही. तो घरात असू दिला, रोज पाहिला. एखादी परकी गोष्ट आपलीशी करायची तर ती अशी करावी, हे मला तिच्याकडून कळलं.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या खांद्यावर दोन ओझी असतात. एक या शहराचं. शेक्सपिअर पाहायला गेलं तरी आत कुठेतरी विद्यार्थी बसलेला असतो: कळलं का सगळं, हसायच्या जागी हसलो का? दुसरं आपल्या माणसांचं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाते तेव्हा ऊर भरून येतो आणि त्याच वेळी काळजीही वाटते. मुलांना आरती पाठ आहे का, मोदकाची पारी नीट वळता येते का, हे सगळं आपल्यानंतर इथे टिकेल का? आपलं असलं की राखावं लागतं. कोरियाच्या बाबतीत माझ्यावर यातलं काहीच नाही. तिथे मी परीक्षार्थी नाही आणि वारसही नाही. मला फक्त प्रेम करायचं असतं.

२०२२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये कोरियन लाटेचं, म्हणजे जगभर पोहोचलेल्या तिथल्या गाण्यांचं, सिनेमा-मालिकांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे गाणी पुटपुटत, नाचाचे हात करत फिरणारी गोरी, काळी, देशी पोरं पाहून मला कोण आनंद झाला. त्यांचा रस्ता पडद्यावरून आला, माझा मातीवरून.

आणि थोडासा पोटातून. वॉटर्लूहून आगगाडीने पंचवीसेक मिनिटांत न्यू मॉल्डन येतं. बाहेर पडलं की दुकानांच्या पाट्या कोरियन लिपीत. युरोपातली एक मोठी कोरियन वस्ती इथे आहे आणि तिच्यात उत्तर कोरियातून निसटून आलेली माणसंही आहेत. तिथल्या एका दुकानात मी किमचीची बरणी घेतली, तेव्हा गल्ल्यावरच्या आजींनी माझ्या हातातून ती परत घेतली. झाकणावर बोट ठेवलं, मूठ उघडून फुगा फुटल्याची खूण केली, मग झाकण जरासं सैल करून दाखवलं. घट्ट लावू नकोस, आतली कोबी अजून जागी आहे, असं त्यांचं म्हणणं. मला एकदम माझी आजी दिसली, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणारी. तीही म्हणायची, लोणच्याला वारा लागू द्यायचा नाही, पण त्याचा श्वासही कोंडायचा नाही.

पण खरं सांगायचं आहे ते एका संध्याकाळबद्दल.

ट्रॅफल्गार चौकाजवळ कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे, २००८ मध्ये सुरू झालेलं. तिथे पान्सोरीचा कार्यक्रम होता. रंगमंचावर एक चटई, तिच्यावर उभी एक गायिका, हातात घडीचा पंखा. बाजूला मांडी घालून बसलेला ढोलवादक, त्याला 'गोसू' म्हणतात. एवढीच दोन माणसं. गायिका गाता गाता थांबते आणि साध्या बोलीत गोष्ट पुढे नेते, पुन्हा गाऊ लागते. तीच मुलगी होते, तीच म्हातारा बाप, तीच समुद्र. पंखा मिटला की आंधळ्याची काठी.

मी खुर्चीत पुढे सरकून बसले. हे मला ठाऊक होतं! रत्नागिरीकडच्या आमच्या गावात रामनवमीच्या उत्सवात बुवा कीर्तनाला उभे राहायचे, ते असेच. निरूपण, पद, पुन्हा निरूपण. तेच राम, तेच कैकयी, आणि उपरण्याचा शेव डोक्यावरून घेतला की शबरी. भाषा एक अक्षर कळत नव्हती, मागच्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत होत्या, तरी रीत ओळखीची होती.

आवाज मात्र नाही. पान्सोरीचा आवाज गोड नसतो. तो फाटलेला, खरखरीत, घोगरा असतो आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने मुद्दाम तसा कमावलेला असतो. आवाज धबधब्याच्या गर्जनेवरून ऐकू यावा म्हणून गायक डोंगरात जाऊन धबधब्यापाशी गळा तापवत, असं सांगतात. पहिली दहा मिनिटं तो आवाज मला खुपला. मग घड्यावरचा वळ आठवला. जोड लपवायचाच नाही, असं ठरवलेला गळा होता तो.

प्रेक्षक बहुतेक इंग्रज, शिस्तीने गप्प बसलेले. इतक्यात माझ्या शेजारच्या कोरियन आजींच्या तोंडून निघालं, "चोता!" म्हणजे, छान! गोसूनेही ढोलाच्या लाकडावर काठी हाणून "ऑल्स्सू!" केलं. कुणी वळून पाहिलं, कुणी दचकलं. पण गायिकेची मान उंचावली, पुढची ओळ दुप्पट जोराने आली. या दादेला 'छुइमसे' म्हणतात. ती नसेल तर पान्सोरी अपुरी. कोरियात पहिला मान ढोलवादकाला आणि दुसरा गायकाला देतात. जाणत्या श्रोत्यासाठीही तिथे एक शब्द आहे, 'क्वीम्यॉंगछांग'. 'क्वी' म्हणजे कान, 'म्यॉंगछांग' म्हणजे थोर गायक. जो कानांनी थोर गायक आहे, तो.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्याकडे गाणारा तानसेन आणि ऐकणारा कानसेन. साडेपाच हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन भाषांनी ऐकणाऱ्यालाही गवयाच्याच पंगतीत बसवलं. मला या शहरात जे व्हायचं होतं त्याला दोन्ही भाषांत नाव होतं.

त्या संध्याकाळी शिमछॉंगची कथा होती. आजवर टिकलेल्या पान्सोरीच्या पाच आख्यानांपैकी ही एक. आंधळ्या बापाला दृष्टी मिळावी म्हणून शिमछॉंग बुद्धमंदिरात वाहायच्या ३०० पोती तांदळासाठी स्वतःला खलाशांना विकते, आणि ते तिला समुद्राला बळी देतात. संपूर्ण आख्यान कित्येक तास चालतं. त्या दिवशी शेवटचा भागच होता. कमळातून परत आलेली, आता सम्राज्ञी झालेली मुलगी राज्यातल्या साऱ्या आंधळ्यांना मेजवानीला बोलावते. पंगतीत सगळ्यांत शेवटी एक फाटका म्हातारा येतो. ती 'बाबा' म्हणून हाक मारते. तो म्हणतो, माझी मुलगी तर मेली, मला कोण हाक मारतंय? बघू दे, बघू दे मला... डोळे मिचकावत राहतो, मिचकावत राहतो, आणि ते उघडतात.

मग लय धावू लागली. त्याच क्षणी राज्यातल्या सगळ्या आंधळ्यांचे डोळे उघडतात: पंगतीला बसलेल्यांचे, वाटेत असलेल्यांचे, घरीच राहिलेल्यांचे, अगदी आंधळ्या पशुपक्ष्यांचेसुद्धा. गायिकेचा पंखा फाडकन उघडला. शेजारच्या आजी रडत होत्या आणि रडता रडता "चोता, चोता" म्हणत होत्या. माझे हात मांडीवर ताल धरत होते, घसा दाटला होता. आणि पुढच्या समेसारख्या वाटलेल्या जागेवर, काही कळायच्या आत, माझ्या तोंडून गावच्या देवळातला शब्द खणखणीत बाहेर पडला: "वा!"

गोसूने मान वर केली. नजरेने मला शोधलं, हसला, आणि काठी ढोलाच्या लाकडावर पडली.