नेगोंबोची वाळू

लंका म्हटले की आमच्या पिढीला प्रथम रामायण आठवते आणि पाठोपाठ रेडिओ सिलोन. बुधवारची बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी आळीतल्या रेडिओवाल्या घराच्या ओटीवर जागा मिळत नसे. त्या देशी जाण्याचा योग मात्र आम्हां उभयतांस उतारवयात आला. धर्मग्रामातील अठराजण निघालो. सहलीच्या पत्रकात कोलंबो, सिगिरिया, कँडी, गॉल, बेंटोटाचा किनारा असे सारे होते. शेवटचा दिवस नेगोंबोचा, तोही विमानतळ जवळ म्हणून.

सिगिरियाचा खडक पाचव्या शतकातील कश्यप राजाचा. सिंहाच्या प्रचंड पंजांपाशी आमच्या गुडघ्यांनी रजा मागितली. वरचा राजवाडा आम्ही तरुण मंडळींच्या डोळ्यांनी पाहिला.

कँडीला सगळे दंतमंदिराकडे वळले. आम्हांस मात्र तळ्याकाठी संत जोसेफ वाज आठवत राहिले. गोव्यातील बाणावलीचा १६५१ सालचा जन्म. डचांनी पोर्तुगीजांकडून किनारपट्टी घेतली आणि कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी केली. कळप मेंढपाळावाचून राहिला. १६८७ साली हा गोंयकार मजुराच्या वेषात जाफन्याला उतरला आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागला. ती ओळखील तो आपला, एवढाच हिशेब. कँडीत त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून बंदीत टाकले. पण पुढे त्याच बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली. ख्रिस्ती सत्ता ज्याच्या मागावर होती त्याला बौद्ध राजाने आसरा द्यावा! देवीच्या साथीत लोक आपली माणसे टाकून पळाले तेव्हा वाज रोग्यांची सेवा करीत शहरातच राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद बहाल केले. आमच्या वाटाड्याने त्यांचे नाव काढले नाही. त्याचा काय दोष? आम्हीही विचारले नव्हते.

गॉलच्या किल्ल्यात १७५५ सालचे डच चर्च आहे. जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर कवट्या कोरलेल्या. त्यांवरून जपून चालताना वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमधल्या शिळा आठवल्या. आमच्या पूर्वजांना बाप्तिस्मा मिळाला तो किल्ल्याच्या सावलीत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ती सावली गेली. त्यानंतर गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनीच आम्हांला सांभाळले. लंकेतील लोकांचे आणि आमचे नाते असे एकाच गावच्या माणसांकडून जुळते, हे तेथे उभे असताना प्रथम ध्यानात आले.

नेगोंबोला पहाटे किनाऱ्यावर गेलो. आमची सौ. पाचूबंदरची. तिला वलांडीवरचे बोंबील ठाऊक. येथे काथ्याच्या चटया वाळूत अंथरून त्यांवर मासळी सुकत घातलेली. ती थेट एका बाईपाशी गेली, एक मासा उचलून मीठ किती ते चाखून पाहिले आणि मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बोलणे चालले होते. सौ.च्या गळ्यातला क्रूस पाहून बाई हसली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिने आडनाव सांगितले, "फर्नांडो." सौ. म्हणाली, "फर्नांडिस." मग बाईने आतल्या बाजूला बोट दाखवले, "कटुवापिटिया."

ते नाव आम्हांस ठाऊक होते. सांगायला संकोच वाटतो, पण कार्यक्रमात ते घालू नये असे आम्हीच सुचवले होते. मंडळी फिरायला आली आहेत, रडायला नव्हे, असे आम्ही म्हटले होते. खरे तर भीती आमचीच होती. सौ.ने आमच्याकडे नुसते पाहिले. रिक्षा केली. ती बाईही, मासळी शेजारणीच्या हवाली करून, आमच्यासोबत बसली.

२१ एप्रिल २०१९, पुनरुत्थानाचा रविवार. संत सेबास्तियनच्या या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी स्फोट झाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. इशारे मिळूनही ते रोखले नाही, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांसह अधिकाऱ्यांना दोषी धरले. छप्पर नवे आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा मात्र रक्ताच्या डागांसह काचेआड तसाच ठेवला आहे. आम्ही त्याच्यापुढे फार वेळ उभे राहू शकलो नाही.

अंगणात मृतांची नावे कोरली आहेत. बाईने एका नावावर बोट ठेवले, मग त्याखालच्या नावावर. आडनाव एकच. कोण, हे तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. मिठाने फाटलेल्या बोटाने तिने त्या दोन ओळींवरची धूळ पुसली. सौ.ने जपमाळ काढली. एकीची सिंहली, दुसरीची मराठी. पण 'नमो मारिया' कोठे संपते हे दोघींना कळत होते. आमचा आवाज दुसऱ्या दशकापाशी लागला.

पाचवे दशक संपताच बाईने आकाशाकडे पाहिले आणि घाईने उठली. ऊन चढले होते, मासळी उलटायची राहिली होती. किनाऱ्यावर परतलो तेव्हा आमची मंडळी छायाचित्रे काढीत होती. सौ.ने पदर खोचला आणि ती चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.