आधी नळाखाली

कुत्रं चावलेलं माणूस ग्रामीण रुग्णालयाच्या इंजेक्शनच्या खोलीत आलं की मी केसपेपर नंतर बघते, आधी त्याला नळाकडे नेते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने मोडतं. इतका साधा, बिनपैशाचा उपाय. पण बहुतेक घरी तोच राहून जातो.

एका आजींनी नातीला कडेवर घेऊन आणलं. गालाला चावा, जखमेत चुना आणि मिरचीपूड. "विष उतरतं म्हणतात, बाई," आजी रडत म्हणाल्या. त्यांच्यावर चिडणं मला जमलंच नाही, पोरीच्या जिवासाठीच केलं होतं त्यांनी. पोर किंचाळत होती आणि मी फेसाच्या हाताने हळूहळू चुना सोडवत होते. तो निघाला तेव्हा दातांच्या दोन खोल खुणा दिसल्या.

"सिस्टर, टाके घाला. पोरीची जात, तोंडावर व्रण राहील," वडील विनवू लागले. पण टाक्यांच्या सुईने विषाणू आणखी आत ढकलला जाऊ शकतो. घालावेच लागले तर आधी सिरम, मग सैलसर टाके.

हे सिरम पुष्कळांना ठाऊकच नसतं. लस टोचली तरी अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. विषाणू तेवढ्यात नसांतून मेंदूची वाट धरतो, आणि गालापासून मेंदू फार लांब नाही. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून तयार प्रतिपिंडांचं सिरम थेट जखमेत आणि तिच्या कडेने भरतात. डॉक्टर ते भरत होते, मी तिचं डोकं घट्ट धरलं होतं. गाल टम्म फुगला. मग दोन्ही दंडांवर कातडीत लस: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, तरी आजींना धास्ती त्यांचीच.

"घरात आणखी कुणाला चावलं, ओरबाडलं?" मी विचारलं. सगळे नाही म्हणाले. आजींच्या मागे उभ्या असलेल्या भावाने मात्र सदऱ्याची बाही खाली ओढली. त्याच कुत्र्याची नखं त्याला दोन दिवसांपूर्वी लागली होती. सुईच्या भीतीने तो बोलला नव्हता. उशीर झाला म्हणून लस सोडायची नसते. वडील त्याचा केसपेपर काढायला धावले.