ब्रेकची पट्टी



खोडव्यात पाचट कुजवायचं लिहिणार होतो. ते पुढच्या खेपेला. आज ट्रॅक्टरचं लिहितो.

गेल्या पाडव्याला मी या पेजवर एक फोटो टाकला होता. ट्रॅक्टरला हार घातलेला, सीटवर माझा पुतण्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर. वय वर्षे १५. खाली मी लिहिलं होतं, ‘आमचा नवीन ड्रायव्हर’. बऱ्याच जणांना आवडला. तो फोटो परवा मी काढून टाकला. का काढला ते सांगायचंय.

मी १९८६ ला दहावी पास झालो. त्याच वर्षी घरात ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर गडी शेजारच्या गावचा होता. त्याच्या शेजारी बसून बघून बघून शिकलो. क्लच दाब, गियर टाक, हळू सोड. आठ दिवसांत वावरात कुळव मारायला लागलो. आण्णा बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमचं पोरगं बघा, पेन्सिलीनं आखल्यागत तास काढतंय.” आण्णांनी माझं असं कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतं. दहावी पास झालो तेव्हासुद्धा नाही. छाती फुगली. गडी सुट्टीवर गेला की चावी माझ्याकडं.

मला ट्रॅक्टर पुढं कसा न्यायचा ते सगळ्यांनी शिकवलं. रस्त्यावर थांबवायचा कसा, ते कुणी शिकवलं नाही.

जाणत्यांना माहीत आहे, तरी नवीन पोरांसाठी लिहितो. ट्रॅक्टरला उजव्या पायाला दोन ब्रेक असतात. डावा पेडल डाव्या मागच्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. वावरात बांधाजवळ वळताना एकच दाबला की ते चाक जागेवर थांबतं आणि ट्रॅक्टर थोडक्यात वळतो. म्हणून औतकाम करताना दोन्ही पेडल सुटे ठेवतात. पण रस्त्यावर यायच्या आधी मधली पट्टी टाकून दोन्ही पेडल जोडायचेच. नाहीतर वेगात पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

त्या दिवशी सकाळी मी कुळव मारला होता. दुपारी ट्रॉली जोडून मळ्यात शेणखत टाकलं आणि दिवस मावळताना रिकाम्या ट्रॉलीनं कॅनॉलच्या रस्त्यानं घरी निघालो. पट्टी सकाळपासून उघडीच. डाव्या मडगार्डवर चुलत भाऊ बसलेला, ११ वर्षांचा. मीच बसवला होता त्याला. रस्ता मोकळा दिसला म्हणून मोठा गियर टाकला. वळणावर समोर बैलगाडी आली, बिनकंदिलाची. मी ब्रेकवर पाय मारला. तो फक्त उजव्या पेडलवर पडला.

ट्रॅक्टर उजवीकडं फिरला आणि पुढचं चाक चरात गेलं. मागनं ट्रॉलीनं ढकललं. भाऊ डाव्या बाजूनं खाली पडला आणि ट्रॉलीचं चाक त्याच्या पायावरनं गेलं. ट्रॉली रिकामी होती म्हणून पाय राहिला. भरलेली असती तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही. गाडीवाल्यानं बैल सोडले, पोराला गाडीत घातलं. माझ्या हातून काही होईना, नुसता थरथरत उभा होतो.

तीन महिने पाय प्लॅस्टरमध्ये होता. हाड जुळलं, पण वाकडं. अजून तो उजव्या पायावर भार देऊन चालतो. पावसाळी हवा झाली की रात्री उठून पाय चोळत बसतो.

गावानं म्हटलं, बैलगाडीवाल्याची चूक. आण्णा म्हणाले, नशीब. दोन दिवसांनी मेस्त्री ट्रॅक्टर बघायला आला. पेडलाकडं बघून मला एकट्याला हळूच म्हणाला, “पट्टी टाकली नव्हतीस व्हय रं?” मी मान खाली घातली. तो कुणाला बोलला नाही. मीही बोललो नाही. कालपरवापर्यंत.

फोटोतला पुतण्या त्याच भावाचा मुलगा.

परवा त्यानं चावी मागितली. “तात्या, उसाची एक खेप मी नेऊ का? कारखान्यापर्यंत सरळच रस्ता हाय.” हंगामात दोन ट्रॉल्या जोडून पोरं कशी पळवतात, आपण सगळे बघतो. मोठ्या आवाजात गाणी, मागं ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा. त्यातली किती पोरं अठराच्या पुढची असतात, ते आपल्या आपल्या मनाला विचारावं.

मी त्याला शेडमध्ये नेलं, पट्टी दाखवली आणि सगळं सांगितलं. तुझ्या बापाचा पाय माझ्यामुळं वाकडा आहे, हे सांगितलं. पोरगं काही बोललं नाही. पट्टी टाकून काढून बघत बसलं.

मग भावाकडं गेलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. त्यालाही सांगितलं. बराच वेळ त्यानं वर बघितलं नाही. मग म्हणाला, “दादा, आधी सांगायचं होतंस. मला इतकी वर्षं वाटायचं, मीच नीट धरून बसलो नव्हतो.”

यावर मी काय बोलणार? त्याच्या हातातली पाटी घेतली आणि उरलेली वैरण टाकली.

आता आमच्या घरात ठरलंय ते लिहितो. पटलं तर घ्या.

१८ पूर्ण होऊन लायसन मिळाल्याशिवाय चावी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही कडक आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पण दंडाच्या भीतीनं नको, पोराच्या पायाकडं बघून करा.

तोवर शिकायला पुष्कळ आहे, इंजिन बंद ठेवून. ऑइल-पाणी बघणं, ग्रीस मारणं, टायरची हवा, ट्रॉलीची पिन आणि तिची खीळ तपासणं. चालू पीटीओजवळ लहान पोरानं जायचं नाही. मोठ्यानंही सैल कपडा, गळ्यात टॉवेल घालून जायचं नाही.

मडगार्डवर कुणी नाही. सीट एक, माणूस एक. बायकामाणसं, पाहुणे, कुणीही असो.

उतार लागायच्या आधीच लहान गियर टाकायचा. उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही. भरलेली ट्रॉली मागनं ढकलते, तिला इंजिनच धरतं. आणि अडकलेली गाडी ओढताना साखळी खालच्या हुकालाच बांधायची. वर बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो.

आणि पट्टी. वावरातनं चाक रस्त्यावर यायच्या आधी खाली वाकून बघायची. माझ्या पुतण्यानं कालच पांढऱ्या रंगानं डॅशबोर्डवर लिहून ठेवलंय, ‘पट्टी टाकली का?’

अक्षर जरा वाकडं आलंय. राहू दिलंय तसंच.

तुमच्या ट्रॅक्टरची पट्टी आज उठून एकदा बघा. बऱ्याच ठिकाणी ती गंजून बसलेली असेल, नाहीतर कधीच तुटून गेलेली असेल. मेस्त्रीकडनं नवीन बसवून घ्या. आणि माझ्यासारखं काही पोटात ठेवलेलं असेल, तर घरातल्या पोराला चावी द्यायच्या आधी ते सांगून टाका.

पाचटाचं रविवारी लिहितो. राम राम.